१९८१चं ‘बेसिक’ मोकळं करा

प्रति,
डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा कारभार पाहणारे सर्वजण,
विझार्ड्स ऑफ द कोस्ट, रेन्टन, वॉशिंग्टन राज्य, अमेरिका

विषय : खेळाच्या जुन्या आवृत्त्यांचे नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली देण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मागणी आधीच सांगून टाकते. टॉम मोल्डव्हे यांनी तयार केलेला १९८१चा बेसिक संच आणि त्याच वर्षीचा डेव्हिड कुक व स्टीव्ह मार्श यांचा एक्स्पर्ट संच, या दोन पुस्तिकांमधला नियमांचा मजकूर तुम्ही सगळ्यांसाठी खुला करावा. जानेवारी २०२३मध्ये पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा गाभा, म्हणजे ‘एसआरडी ५.१’, तुम्ही ज्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली (मूळ नाव देऊन कोणीही मजकूर वापरावा, वाटावा, भाषांतरित करावा, असा परवाना) दिलात, त्याच परवान्याखाली. ३.५ (२००३) आणि चौथ्या (२००८) आवृत्तीचा विचार त्यानंतर करावा, आणि तोही करावाच. पण सुरुवात १९८१पासून व्हावी, आणि तसं का, हे सांगण्यासाठी हे पत्र.

पत्र मराठीत लिहिते आहे, कारण ही मागणी मराठीत वाचणाऱ्या मुलांसाठी आहे. इंग्रजी प्रत तुमच्याकडे वेगळी पाठवीनच. पण त्याआधी पुण्या-मुंबईत, नाशकात, कोल्हापुरात, पणजीत आणि परदेशात जे कोणी फासे घेऊन टेबलाभोवती बसतात, त्यांनी ते वाचावं, त्यावर वाद घालावा आणि पटलं तर आपलंही म्हणणं त्यात जोडावं, अशी इच्छा आहे.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. एक जण डीएम, म्हणजे डन्जन मास्टर होतो आणि जग उभं करतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. डीएम सांगतो, समोर दार आहे, आतून कुजबुज ऐकू येतेय. तुम्ही सांगता, आम्ही काय करतो. जमेल की नाही हे जिथे ठरत नाही, तिथे फासा टाकायचा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा या गावातून तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपात हे पहिल्यांदा छापलं. पहिल्या छपाईच्या १,००० प्रती होत्या. तिथून आज २०२४च्या पुस्तकांपर्यंत खेळाचं नाव तेच राहिलं आहे. खेळ मात्र तोच राहिलेला नाही, आणि माझा सगळा मुद्दा इथून सुरू होतो.

नवी आवृत्ती आली की जुनी बाद, असं आपण मोबाइलमधल्या सॉफ्टवेअरबद्दल म्हणतो आणि तिथे ते ठीकही आहे. या खेळाबद्दल मात्र ते खरं नाही. प्रत्येक आवृत्तीने टेबलावर बसलेल्या माणसांना वेगळा प्रश्न विचारला आहे. एकच मंत्र घेऊन बघा. ‘स्लीप’, समोरच्यांना झोपवण्याचा मंत्र. पहिल्या लेव्हलचा, म्हणजे अगदी नवखा जादूगार पन्नास वर्षं तो वापरतो आहे.

१९८१च्या बेसिकमध्ये त्या जादूगाराला दिवसाला एकच मंत्र मिळतो. हिट पॉइंट (मार सोसायची ताकद) ठरवायला चार बाजूंचा फासा, म्हणजे एखाद्या वेळी नुसता एक हिट पॉइंट घेऊन तो अंधारात उतरतो. पण त्याने स्लीप म्हटला की दोन आठबाजू फाशांवर जितके येतील तितक्या हिट डाइसचे (हे शत्रूच्या ताकदीचं माप) शत्रू जागच्या जागी झोपतात. वाचण्यासाठी त्यांना फासा टाकायची संधीच नाही. सगळी टोळी एका शब्दात आडवी. त्यामुळे टेबलावर चर्चा होते ती ‘कधी’ याची. आत्ता वापरू? की पुढच्या खोलीसाठी ठेवू? मी पाहिलेले सर्वांत रंगलेले वाद या एका मंत्रावरून झालेले आहेत.

३.५मध्ये तोच मंत्र फक्त चार हिट डाइसपुरता चालतो आणि शत्रूला ‘विल सेव्ह’ मिळतो, म्हणजे मनाच्या बळावर तो झुगारून देता येतो. जादूगाराकडे जोडीला तीन किरकोळ मंत्र असतात, आणि बुद्धी जास्त असेल तर एखादा जादा मंत्रही. आता विचार असा होतो की समोरच्याचा सेव्ह चुकावा म्हणून मी पात्र बांधतानाच काय तयारी केली होती. चौथ्या आवृत्तीत स्लीप ही दिवसातून एकदा वापरायची ‘डेली पॉवर’ झाली. नेम लागला की शत्रू आधी मंदावतो, आणि पहिला सेव्ह चुकला तरच बेशुद्ध होतो. म्हणजे मधल्या फेरीत सोबत्यांनी त्याला कुठे ढकलायचं, कोणी अडवून धरायचं, ही सगळी डावपेचांची जागा तयार होते. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत पाच आठबाजू फासे टाकून जी बेरीज येईल तितक्या हिट पॉइंटचे शत्रू झोपतात, सर्वांत कमकुवत आधी. पुन्हा सेव्ह नाही. १९८१ची आठवण ठेवून हे केलं असावं असं मला नेहमी वाटतं. आणि २०२४मध्ये तुम्ही परत सेव्ह आणलात: आधी शत्रू काही करू शकत नाही, दुसऱ्यांदा सेव्ह चुकला की बेशुद्ध. हे चौथ्या आवृत्तीच्या किती जवळ आहे ते तुम्हाला मी सांगायला नको.

पाच आवृत्त्या आणि पाच वेगळे खेळ. यातला कुठला ‘सुधारलेला’ म्हणायचा? २०२४ने २०१४ला सोडून २००८कडे वळावं, ‘ब्लडिड’ (निम्मे हिट पॉइंट उरलेला) हा चौथ्या आवृत्तीतला शब्द पुन्हा नियमांत यावा, आणि २०१४ने त्याआधीच्या दोन आवृत्त्या ओलांडून मागे पाहावं, यातूनच दिसतं की तुमचे स्वतःचे लेखकही जुन्या आवृत्त्या कपाटात बंद करून बसलेले नाहीत. ते रोज त्या उघडतात. तीच मोकळीक बाकीच्यांना हवी आहे.

आता १९८१बद्दल जरा सविस्तर.

बेसिकची पुस्तिका ६४ पानांची, एक्स्पर्टचीही ६४. पहिलीत लेव्हल एक ते तीन, दुसरीत चौदापर्यंत. एल्फ, ड्वॉर्फ, हाफलिंग हे वेगळे वंश नसून तेच क्लास, म्हणजे पात्राचे पेशे आहेत. एल्फ म्हटलं की तो तलवारही चालवतो आणि मंत्रही. त्यामुळे पात्र तयार व्हायला चहा होईपर्यंतचा वेळ पुरतो. सहा गुणांसाठी तीन तीन फासे टाका, क्लास निवडा, पैसे मोजून सामान घ्या, निघा. पात्र मेलं तरी मूल टेबलावरून उठत नाही, दुसरं पात्र बनवायला घेतं. शाळेतल्या मुलांबरोबर खेळताना याचं मोल फार मोठं आहे.

पण मला त्या पुस्तिकांमधलं सर्वांत जास्त काय आवडत असेल, तर वेळेचा हिशेब. जमिनीखाली खेळ ‘टर्न’मध्ये चालतो, एक टर्न दहा मिनिटांचा. मशाल सहा टर्न टिकते, कंदिलातलं एका भरणीचं तेल चोवीस टर्न. पाच टर्न चाललात की एक टर्न विश्रांती घ्यावी लागते. दर दोन टर्ननंतर डीएम सहाबाजू फासा टाकतो आणि एक आला तर भटकं काहीतरी तुमच्या दिशेने यायला निघतं. म्हणजे भिंत चाचपण्यात घालवलेली दहा मिनिटं फुकट नसतात, त्यांची किंमत असते. माझ्या टेबलावर येणारी बरीच मुलं सुट्टीच्या दिवशी गडावर जाणारी आहेत. पाण्याचं टाकं कुठे आहे, उतरायला किती वेळ लागेल, अंधार पडायच्या आत माचीवर पोचू का, हे त्यांच्या अंगात मुरलेलं आहे. त्यांना हा भाग समजावून सांगावा लागत नाही. “ताई, आणखी किती मशाली उरल्यात?” हा प्रश्न तीच आधी विचारतात. पाचव्या आवृत्तीत ‘लाइट’ हा मंत्र हवा तितक्या वेळा वापरता येतो, आणि बहुतेक वंशांना अंधारात दिसतं. ती वेगळी मजा आहे, तिला मी नावं ठेवत नाही. पण अंधाराची भीती त्या खेळात उरत नाही आणि या मुलांना जी गोष्ट आधीच येते, तिचा तिथे उपयोग होत नाही.

दुसरी गोष्ट सोन्याची. बेसिकमध्ये सुखरूप बाहेर आणलेल्या एका सुवर्णमुद्रेला एक अनुभवगुण. मारलेल्या एका गॉब्लिनला, म्हणजे किरकोळ राक्षसाला, पाच. योद्ध्याला दुसऱ्या लेव्हलसाठी २,००० लागतात. गॉब्लिन मारूनच हा आकडा गाठायचा म्हटलं तर एकट्याने ४०० मारावे लागतील, आणि त्याच्या कितीतरी आधी तो मरेल. एवढ्या एका नियमाने खेळाचा सगळा रोख बदलतो. मुलं लढाई टाळायला शिकतात. चकवतात, दोर लावून मागून उतरतात, खजिना घेऊन पसार होतात. हिंसेबद्दल एक शब्दही न बोलता हा नियम त्यांना डोकं वापरायला लावतो. पालकांना मी हे सांगते तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी कमी होते.

तिसरी गोष्ट, भेटणारा प्रत्येक जण शत्रू नसतो. समोर कोणी आलं की डीएम दोन सहाबाजू फासे टाकतो. दोन आले तर थेट हल्ला. बारा आले तर मैत्री. बहुतेक वेळा आकडा मध्ये कुठेतरी पडतो आणि समोरचा थबकून बघत राहतो. मग बोलावं लागतं. लढाई झालीच तरी ‘मोराल’चा, म्हणजे धीराचा फासा असतो: पहिला सोबती पडला किंवा निम्मे संपले की उरलेले पळायचं का ते ठरवतात. गॉब्लिनचं मोराल सात, म्हणजे ते बऱ्याचदा पळतात. शेवटचा शत्रू मरेपर्यंत तासभर फासे टाकत बसण्याचा कंटाळा या एका नियमाने टळतो. नंतरच्या आवृत्त्यांमध्ये हे दोन्ही नियम एक तर बाजूला पडले किंवा इतके ऐच्छिक झाले की नवीन डीएमला ते आहेत हेच कळत नाही. मला ही या खेळाच्या इतिहासातली सर्वांत मोठी हानी वाटते.

बेसिकचे दोषही आहेत. आर्मर क्लास, म्हणजे वार चुकवण्याचा आकडा, जितका कमी तितका चांगला, ही उलटी रीत प्रत्येक नव्या मुलाला अडखळवते. चोराचं पात्र पहिल्या लेव्हलला इतकं दुबळं असतं की चोरी हेच त्याला धड जमत नाही. हे मी खेळवताना बदलून घेते. नियम छोटे असले की असे बदल करता येतात, हाही त्यांचा गुणच.

बाकीच्या आवृत्त्यांबद्दल माझं मत तुम्हाला कळायला हवं, नाहीतर ही केवळ जुन्याची ओढ वाटेल. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीचे नियम मला कधी फारसे भावले नाहीत. त्यांचं मोठेपण त्यावर उभ्या राहिलेल्या जगांमध्ये आहे, डार्क सनच्या वाळवंटात आणि प्लेनस्केपमध्ये. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत जोनाथन ट्वीट, मॉन्टी कुक आणि स्किप विल्यम्स यांनी सगळा खेळ एका सूत्रावर आणला: वीसबाजू फासा, त्यात तुमची भर, समोर ठरलेला आकडा. आर्मर क्लासही तेव्हाच सुलटा झाला. २००३च्या ३.५मध्ये पात्र बांधणं हा स्वतंत्र छंद झाला. माझ्या ओळखीत असे खेळाडू आहेत की जे महिनोन् महिने प्रत्यक्ष खेळत नाहीत, पण वहीत पात्रं बांधत असतात. त्यांचा आनंद खराच आहे. पण त्या आवृत्तीत दहाव्या लेव्हलनंतर डीएमची तयारी इतकी वाढते की नोकरी करणाऱ्या माणसाला ती झेपत नाही.

चौथ्या आवृत्तीवर अन्याय झाला, हे मात्र मला ठासून सांगायचं आहे. २००८मध्ये रॉब हाइन्सू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी योद्ध्याला पहिल्यांदा प्रत्येक फेरीत निवड दिली. त्याआधी योद्धा म्हणजे ‘मी मारतो’, पुढची फेरी आली की परत ‘मी मारतो’. वॉरलॉर्ड हा क्लास जादूशिवाय, नुसत्या हाकेने सोबत्याला उभा करतो. डीएमसाठी राक्षसांची आखणी इतकी स्वच्छ पुन्हा कधी झाली नाही. एका फटक्यात मरणारे ‘मिनियन’ ही कल्पना तर मी बेसिकमध्येसुद्धा उसनी घेते. लोकांनी ‘हा खेळच नव्हे’ म्हणून ती नाकारली आणि बरेचजण ३.५च्या पायावर उभ्या राहिलेल्या, २००९मध्ये पायझो कंपनीने काढलेल्या पाथफाइंडर या खेळाकडे गेले. चौथीचे नियम ३.५सारख्या मोकळ्या परवान्याखाली आले असते, तर तिच्याही वाट्याला असा वारस आला असता. तुम्ही तेव्हा दिलेला परवाना घट्ट होता आणि त्याची किंमत त्या आवृत्तीने मोजली. नियम मोकळे असले की आवृत्ती जगते, बंद असले की कोमेजते, हे याहून स्पष्टपणे कुठे दिसणार?

पाचव्या आवृत्तीचे आभार मानते. आज भारतात जे हा खेळ खेळतात त्यातले बहुतेक तिच्यामुळे आले. ‘अ‍ॅडव्हान्टेज’, म्हणजे दोन फासे टाकून मोठा घ्यायचा, ही गेल्या काही दशकांतली सर्वांत सुंदर सुटसुटीत कल्पना आहे. मी स्वतः मोठ्यांच्या गटाला तीच आवृत्ती खेळवते.

मग अडचण काय? जुन्या पुस्तिका विकत मिळतात की, असं तुम्ही म्हणाल. पीडीएफ मिळतात, हे खरं. पण एप्रिल २००९मध्ये तुम्ही चाचेगिरीचं कारण देऊन सगळ्या पीडीएफ विक्रीतून एकदम काढून घेतल्या होत्या. त्या परत आल्या २०१३मध्ये. चौथ्या आवृत्तीचं पात्र बनवायचं ऑनलाइन साधन २०२० सुरू होताना बंद झालं आणि ती आवृत्ती खेळणाऱ्यांचा मोठा आधार गेला. जानेवारी २०२३मध्ये २०००पासून चालत आलेला, इतरांना नियम वापरू देणारा ओजीएल परवाना रद्द करण्याचा मसुदा बाहेर फुटला. जगभरच्या खेळाडूंनी विरोध केला, तुम्ही मत मागवलंत, पंधरा हजारांहून अधिक लोकांनी ते कळवलं, आणि २७ जानेवारीला तुम्ही माघार घेऊन एसआरडी ५.१ क्रिएटिव्ह कॉमन्सखाली दिलंत. त्या दिवशी तुमच्याबद्दल मनात आदर वाढला, हे मोकळेपणी सांगते. पुढे ऑगस्ट २०२४मध्ये तुमच्या डीअँडडी बियाँड या ऑनलाइन सेवेवर २०१४च्या मंत्रांच्या जागी नवे मंत्र आपोआप येतील असं जाहीर झालं, आणि पुन्हा ओरड झाल्यावर तो निर्णय बदलला. प्रत्येक वेळी शेवट बरा झाला. पण दर वेळी एक गोष्ट कळली: जुना खेळ आमच्याजवळ राहतो तो तुमच्या त्या वेळच्या निर्णयावर. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना मागे घेता येत नाही. म्हणून तोच हवा.

जाणकार इथे विचारतील की १९८१चे नियम नव्या शब्दांत लिहिलेले खेळ आहेतच, लॅबिरिन्थ लॉर्ड आहे, ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स आहे, बेसिक फँटसी तर आता क्रिएटिव्ह कॉमन्सखालीच आहे, मग मूळ पुस्तिका कशाला? हा आक्षेप योग्य आहे आणि मी त्यावर बराच विचार केला आहे. ज्यांनी हे खेळ लिहिले त्यांचं ऋण मोठं आहे. पण ते लिहावे लागले, कारण नियमामागची कल्पना कोणाच्या मालकीची नसली तरी मूळ शब्द मालकीचे असतात. इंग्रजीत कोणीही तीच कल्पना वेगळ्या शब्दांत मांडू शकतो. भाषांतराला मात्र मूळ शब्दांचाच हक्क लागतो. भारतीय कॉपीराइट कायद्यातही भाषांतराचा हक्क लेखकाकडे राखलेला आहे. मी आज बेसिकचं एक पान मराठीत करून लोकांमध्ये वाटलं, तर ते बेकायदा ठरेल.

आणि मोल्डव्हे यांचे शब्द चांगले आहेत. त्यांनी पुस्तिका मुलांना समोर बसवून समजावल्यासारखी लिहिली आहे. त्यात एक संपूर्ण नमुना-खेळ आहे: मॉर्गन आयर्नवुल्फ आणि तिचे सोबती एका खोलीत शिरतात, ब्लॅक डूगल चोर पेटी उघडायला जातो, विषारी सुई लागते आणि तो मरतो. डीएम काय बोलतो, मुलं काय उत्तर देतात, नियम कुठे लागतो, सगळं संवादातून येतं. नवीन डीएमला शिकवण्यासाठी त्याहून चांगली पानं मी तरी वाचलेली नाहीत. ती नव्याने लिहिलेल्या खेळांत नाहीत, कारण ती घेता येत नाहीत.

भाषांतराच्या दृष्टीने आकारही बघा. एसआरडी ५.१ चारशेहून अधिक पानांचं आहे. परवाना असूनही ते पूर्ण मराठीत आणणं सुट्टीच्या दिवशी काम करणाऱ्या हौशी माणसांच्या आवाक्याबाहेरचं आहे. बेसिक आणि एक्स्पर्ट मिळून १२८ पानं. चार-पाच जणांनी मनावर घेतलं तर वर्षभरात होण्यासारखं. पाचव्या आवृत्तीची पुस्तकं फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, इटालियन, जपानी अशा भाषांमध्ये निघाली. भारतातल्या एकाही भाषेत नाही. मी त्याबद्दल तक्रार करत नाही, बाजार छोटा आहे हे कळतं. तुम्ही भाषांतर करा असं माझं म्हणणंच नाही. आम्हाला करू द्या, एवढंच.

इंग्रजी माध्यमातली मुलं आपापली वाट काढतातच. मराठी माध्यमातलं मूल मात्र टेबलावर बसून उत्तम खेळतं, कल्पना लढवतं, आणि डीएम व्हायची वेळ आली की मागे सरतं, कारण पुस्तक वाचता येत नाही. खेळाडू तोंडी ऐकून होता येतं, डीएम होता येत नाही. मग गटात डीएम नेहमी तोच एक इंग्रजी वाचणारा राहतो, त्याची नोकरी बदलली की गट मोडतो. असे गट मोडताना मी पाहिले आहेत.

तुमच्या पुस्तकांत भारत आलेला आहे, हेही इथे नोंदवते. १९७७च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये वाघाच्या तोंडाचा राक्षस आहे आणि तो मूळचा भारतातला असल्याचं लिहिलं आहे. १९८०च्या देवदेवतांवरच्या पुस्तकात इंद्र, अग्नी, विष्णू यांना हिट पॉइंट दिलेले आहेत. लहानपणापासून रामायण ऐकलेल्या मुलाला मंत्रवलेल्या क्रॉसबोच्या बाणाने मरणारा तो राक्षस अगदी परका वाटतो. मंत्रांनी हटत नाही हा त्याचा गुण मात्र पाचव्या आवृत्तीतही टिकला आहे. यातलं काही खुलं करा असं मी म्हणत नाही. त्या पुस्तकांत जे आज खटकतं त्यावर तुम्ही २०२०पासून सूचना छापताच. मला फक्त नियम हवेत, राक्षस आमचे आम्ही लिहू. विक्रमाच्या पाठीवरचा वेताळ, आमच्या कोकणातला मुंजा, विहिरीतली हडळ यांना हिट डाइस द्यायला मुलं एका पायावर तयार आहेत, आणि हे काम त्यांनीच करणं योग्य आहे.

तुमच्या दृष्टीने यात तोटा काय? २०२४ साली पन्नास वर्षं झाली म्हणून तुम्ही मूळ १९७४च्या पुस्तिकांचा इतिहास मोठ्या ग्रंथात छापलात. म्हणजे जुन्याबद्दल तुम्हाला अभिमान आहे. १९८१च्या पीडीएफची विक्री परवान्यामुळे थांबत नाही. मूळ चित्रं, मांडणी, ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’सारखी मॉड्यूल (तयार साहसं), खेळाचं नाव आणि चिन्ह, सगळं तुमच्याकडेच राहील. एसआरडी ५.१ दोन वर्षं मोकळं असतानाही नवी पुस्तकं निघालीच, आणि एप्रिल २०२५मध्ये तुम्ही ५.२सुद्धा त्याच परवान्याखाली दिलंत. म्हणजे मोकळं केल्याने धंदा बुडत नाही, हे तुमच्याच अनुभवावरून तुम्हाला ठाऊक आहे.

म्हणून नेमकं मागणं असं. बेसिक आणि एक्स्पर्टमधला नियमांचा मजकूर, मंत्रांची व राक्षसांची वर्णनं आणि मोल्डव्हे यांचा नमुना-खेळ, एवढं एकत्र करून सीसी-बाय ४.० या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली द्या. राक्षसांपैकी ज्यांची नावं तुम्हाला राखून ठेवायची आहेत ती खुशाल वगळा, जशी ५.१मध्ये वगळलीत. पाठोपाठ ३.५चं एसआरडी, जे आधीच ओजीएलखाली आहे, या परवान्यावर आणा, त्यात तर काही नव्याने लिहावंही लागणार नाही. आणि चौथ्या आवृत्तीचा गाभा कधीतरी एकत्र करायला कोणाला तरी सांगा.

आमच्या बाजूने एवढं ठरलं आहे: मजकूर मिळाला की मराठी भाषांतर विनामूल्य राहील, त्यावर मूळ लेखकांची नावं ठळक असतील, आणि तेही त्याच परवान्याखाली जाईल, म्हणजे कोंकणीत किंवा हिंदीत करणाऱ्याला आमची परवानगी मागावी लागणार नाही. सुरुवात नमुना-खेळाच्या पानांपासून करू, कारण डीएम व्हायला घाबरणाऱ्या मुलाला आधी तीच लागतील. मशालींचा तक्ता त्याच्या लगेच मागे.

उत्तर ‘नाही’ असलं तरी कळवा. मग आम्ही बेसिक फँटसी मराठीत आणायला घेऊ आणि वेळ वाया घालवणार नाही. पण आधी तुम्हाला विचारणं योग्य वाटलं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
पुण्यातली एक डीएम